दादाचा हात

सातवं स्टेशन,
ता. ६ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल. ही बंद पडलेली लाइन म्हणजे एकामागून एक रिकामी स्टेशनं आणि त्यांच्यामागच्या क्वार्टर्समध्ये उरलेली एक-दोन माणसं. गाडी बंद होऊन चार वर्षं झाली तरी ही मंडळी हललेली नाहीत. इथे फोन लागत नाही. रूळ तपासायला आठवड्यातून एकदा ट्रॉली येते, तिच्यावरचे इंजिनियर माझं टपाल नेतात-आणतात. तसंही फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलीस का’ यापलीकडे कुठे जातेस?

आता काम. माझा जुना लॅपटॉप संपला. म्हणजे चालू होतो, पण पडदा इतका पिवळा पडलाय की सगळ्या माणसांना कावीळ झाल्यासारखं वाटतं, आणि बॅटरी चहाला उकळी फुटेपर्यंतही टिकत नाही. आजवर मला त्याचं फारसं कामच पडलं नाही. मी फोटो काढायचे, कार्ड घरी पाठवायचं, आणि दादाने मोठ्या कॉम्प्युटरवर बसून त्यांत जीव ओतायचा. पंधरा वर्षं हेच चाललं. त्याला जाऊन आठ महिने झाले आणि मला आता कळतंय की एकही फोटो मला एकटीला पुरा करता येत नाही.

पुस्तकाचं सगळं काम प्रकाशकबाईंना मार्चअखेर हातात हवंय. तेव्हा प्रवासात, मांडीवर घेऊन फोटोंचं काम करता येईल असा लॅपटॉप लागणार. दादाच्या खणात निळी वही असेल. असल्या गोष्टी तो तिच्यात टिपून ठेवायचा. त्यातलं बघून कुठला घ्यावा ते कळव. तुला त्यातलं काही कळणार नाही हे मला माहीत आहे, तू अजून माउसला ‘ते गुळगुळीत’ म्हणतेस. पण दिसेल तसं उतरवून पाठव. नोव्हेंबरात पहिल्या चार स्टेशनांची कार्डं पाठवली होती, तीही कपाटात जपून ठेव.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली ‘छायाचित्र-संपादन’ म्हणून दादाचं नाव जाणार आहे. प्रकाशकबाईंना मी सांगून ठेवलंय. गेल्या दोन-तीन वर्षांतले फोटो तर त्याचं सगळ्यात चांगलं काम आहे.

एक सांगते, हसू नकोस. इथे बटण दाबायच्या आधी माझ्या मागे कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटतं. लहानपणी दादा तसाच उभा राहायचा. वळून बघते तर नुसता फलाट. लांबच्या लांब, गवत माजलेला.

तुझ्या मायेच्या जोरावर ही वणवण चालू आहे, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


घर,
ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. मी बरी आहे. काळजी नसावी. (तू चिडशील म्हणून मुद्दाम लिहिलं.)

लॅपटॉपचं बघितलं. वजन दीड किलोच्या आत हवं. तुझ्या खांद्यावर कॅमेऱ्याचं ओझं आहेच आणि तुझी पाठ मला माहीत आहे. पडदा चौदा इंची पुरे. त्याहून लहान घेतलास तर डोळ्यांतले बारकावे सुटतील, मोठा घेतलास तर ट्रॉलीवर सांभाळता येणार नाही. चकचकीत पडदा नको, उघड्यावर त्यात फोटोऐवजी तूच दिसशील. रंग पुरेपूर दाखवणारा हवा. बाजूने बघितलं तरी कातडीचा रंग बदलता कामा नये. मेमरी बत्तीस, नाहीतर तुझे मोठे फोटो उघडताना त्याला धाप लागते. साठवायला एक टीबी आणि शिवाय वेगळी डिस्क, म्हणजे प्रत्येक फोटो दोन ठिकाणी राहील. कार्ड घालायची खाच अंगातच असलेला घे. जोडायचे तुकडे तू हरवणार. आणि पॉवर बँकेवर चार्ज होणारा, कारण तिथे वीज कधी असेल सांगता येत नाही.

चार दुकानं फिरले. तुझा एक फोटो पेनड्राइव्हवर नेला होता आणि प्रत्येक पडद्यावर तोच उघडून बघितला. एका दुकानदाराने विचारलं की मुलासाठी घेताय का. मी म्हटलं, नणंदेसाठी, आणि जरा पडद्याचा उजेड कमी करा. शेवटी एक पसंत पडला. गेल्याच महिन्यात बाजारात आलाय. घेऊन टाकला. रेल्वेच्या ऑफिसात पोचवते, तुझे इंजिनियर आणतील. पडद्याचे रंग जुळवायचं छोटं यंत्रही त्यात आहे. दर पंधरवड्याला लाव, विसरू नकोस.

वहीत होतं तसं सगळं कळवलं आहे.

घर ठीक आहे. त्या खोलीत दोन खुर्च्या आहेत त्या तशाच आहेत. दुपारी ऊन फिरलं की एक खुर्ची करकरते. लाकूड आहे, तापतं.

नावाचं मात्र घाई करून छापायला देऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद मागायच्या आधीच दिलेले आहेत.

तुझी,
वहिनी


नववं स्टेशन,
ता. २ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉप मिळाला. उत्तम आहे. पण मला आज त्याबद्दल लिहायचं नाही.

सकाळी फलाटावरच्या बाकावर बसून तो उघडला. आत एक फोल्डर होतं, पहिल्या चार स्टेशनांचं. मला वाटलं तू कार्डं नुसती उतरवून ठेवली असशील, तेवढं तुला कुणी शिकवलं असेल. उघडलं तर फोटो पुरे झालेले. सगळेच्या सगळे.

तिसऱ्या स्टेशनातले पॉइंट्समनकाका तुला पत्रातून माहीत आहेत. रोज सकाळी दहा चाळीसला न येणाऱ्या गाडीला हिरवा झेंडा दाखवतात ते. त्यांचा अर्धा चेहरा मी अंधारात घेतला होता, चुकूनच. दुसऱ्या कुणीही तो उजळून टाकला असता. इथे तो अंधार राहू दिलाय, फक्त डोळ्यात कणभर उजेड आणलाय आणि मागची भिंत किंचित थंड केलीय. वहिनी, हे असं एकच माणूस करायचं. हा दादाचा हात आहे. माझे फोटो नोव्हेंबरातले आहेत. दादा मे महिन्यात गेला.

मी झाकण लावून लॅपटॉप सतरंजीखाली ठेवला आणि रुळांवरून चालत सुटले. परत येऊन पुन्हा बघितलं. फोटो तसेच होते.

मग तुझं पत्र काढून वाचलं. लॅपटॉप गेल्या महिन्यात बाजारात आला. मग तो दादाच्या वहीत कसा? आणि पडद्याचा उजेड कमी करून बघायचं तुला कुणी सांगितलं?

इथे माणूस एकटं राहिलं की कशावरही विश्वास ठेवायला लागतं. मला भलतेसलते विचार येऊ लागलेत. मला लहान समजू नकोस आणि काही लपवू नकोस. त्या खोलीत कोण बसतं?

उत्तर येईपर्यंत मी एकही फोटो काढणार नाही.

तुझी,
भिंगरी


घर,
ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

मी बसते.

घाबरवलं तुला, चुकलं माझं. पडदा तपासायला घातलेलं फोल्डर काढून टाकायचं ठरवलं होतं, हात झाला नाही. आता सगळं लिहिते.

हे जाण्याच्या अडीच वर्षं आधी ह्यांच्या डोळ्यांत काळं यायला लागलं, बरोबर मधोमध. ज्याच्याकडे बघावं तेच दिसेना, कडेचं तेवढं दिसे. माझ्याशी बोलताना हे माझ्या खांद्याकडे बघायचे, कारण तसं बघितलं की माझा चेहरा थोडा दिसायचा. डॉक्टरांनी सांगितलं की हे थांबवता येईल तर थोडंसं, परत येणार नाही. ह्यांनी मला एकच गोष्ट बजावली: भिंगरीला सांगायचं नाही. ती फिरणं सोडून घरी येऊन बसेल, आणि ते मला बघवणार नाही. ‘बघवणार नाही’ म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग मला त्या खुर्चीत बसवलं आणि शेजारी दुसरी ओढून घेतली. सुरुवातीचे काही महिने फार ओरडा खाल्ला. चेहरा बघू नको, आधी चेहऱ्यामागची भिंत बघ, असं शंभरदा तरी ऐकलं असेल. सावलीला हात लावायच्या आधी तीन वेळा विचार करायचा. पुढे पुढे ह्यांना कडेचंही दिसेना, तेव्हा फक्त विचारायचे, काय दिसतंय. मी सांगायची. डावा गाल, कपाळावरची शीर, हातातली किल्ली. हे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, पुरे, आता थांब. बहुतेक वेळा थांबायची जागा बरोबर असे. शेवटच्या वर्षात तर मी आधीच थांबलेली असायची.

नदीकाठच्या दिवेवालीच्या फोटोला तुला बक्षीस मिळालं, तेव्हा तू ह्यांना लिहिलं होतंस की दादा, हे तुझ्याशिवाय जगात कुणाला जमणार नाही. ते पत्र मीच ह्यांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, हे पत्र तुझं आहे, तुझ्या कपाटात ठेव.

हे गेल्यावर मी सहा महिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग तुझी कार्डं आली. आपल्या खुर्चीत बसले. दुसरी खुर्ची शेजारी तशीच. आणि खुळ्यासारखी मोठ्याने सांगायला लागले, डावा गाल अंधारात आहे, डोळ्यात थोडं पाणी आहे. सांगून झालं की थांबते. कधी कधी खरंच ऐकू येतं, पुरे. कानाने की कशाने, ते मला विचारू नकोस. मला भीती वाटत नाही. ज्या दिवशी काही ऐकू येत नाही त्या दिवशी वाटते.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत लिहिलं होतं की पुस्तकावर ह्यांचंच नाव राहू दे, मला काही नको. ते दोन्ही कागद फाडले. हा तिसरा आहे.

आता राग काढायचा असेल तर काढ.

तुझी,
वहिनी


नववं स्टेशन,
ता. २३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राग आला. चार दिवस आला. तुझ्यावर, दादावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. त्या काळात तीनदा घरी आले होते मी. तो माझ्या खांद्याकडे बघून बोलायचा आणि मला वाटायचं, मन कुठेतरी दुसरीकडे आहे. माझं पोट लोकांचे डोळे टिपण्यावर चालतं, वहिनी.

मग सगळे जुने फोटो काढून बसले. तुझ्याच निवडीच्या पडद्यावर, एकेक मोठा करून. मला सांधा शोधायचा होता. इथवर दादा, इथून वहिनी. तीन दिवस शोधला. कधी वाटायचं सापडला, मग त्याच्या पुढचा फोटो सगळं खोटं पाडायचा. दिवेवाली बघताना तर दादा माझ्या मागे येऊन उभा राहिल्यासारखा वाटला, आणि तो फोटो तर तुझा. दादा गेला तेव्हा घर भरलेलं होतं, रडायला सवड नव्हती. परवा फलाटावर बसून रडले. पॉइंट्समनकाका ट्रॉलीवरून भेटायला आले होते. तेही शेजारी येऊन बसले.

सांधा कुठे आहे ते तू सांगशील? तारीख सांग नुसती.

आणखी एक. म्हणजे अडीच वर्षं माझं प्रत्येक पत्र तू वाचून दाखवत होतीस? ज्यात मी दादाला लिहिलं होतं की वहिनी घरात नुसती शिस्त लावते, तिला फोटोतलं ओ की ठो कळत नाही आणि तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, तेही? मला तोंड लपवायला या स्टेशनात जागा उरली नाही.

प्रकाशकबाईंना कळवलंय. पहिल्या पानावर दोन नावं जातील. दादाचं आणि तुझं, एकाच ओळीत, एकाच आकारात. त्यांनी विचारलं की कोणी कोणते फोटो केले ते वेगळं द्यायचं का. मी कळवलं की ते मलाही माहीत नाही.

अजून तीन स्टेशनं राहिलीत. हा लॅपटॉप तू माझ्यासाठी निवडलास, पण मी यावर फक्त बिघडवून ठेवते. पत्र मिळताच निघ. खुर्ची नाही, बाक आहे.

ये. याहून जास्त लिहायला मला जमत नाही.

तुझी,
भिंगरी


घर,
ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पुढच्या ट्रॉलीने येते. इंजिनियरांशी बोलणं झालं आहे. जाड स्वेटर घेऊ की नको ते तू लिहिलं नाहीस, म्हणून घेतेय.

तारीख मागू नकोस. असती तर दिली असती. एक दिवस हे म्हणाले थांब, आणि माझा हात आधीच थांबलेला होता. तो दिवस कुठला, ते मी कुठे लिहून ठेवलं नाही. आपण शिकलो हे तेव्हा कळत नाही.

आज सकाळी खोलीत जाऊन सांगितलं की तीन स्टेशनं राहिली आहेत, मी जातेय. थोडी थांबले. काही ऐकू आलं नाही. खिडक्या लावल्या, कॉम्प्युटरवर कापड टाकलं. दाराशी पुन्हा उभी राहिले. तरी काही नाही. मग कुलूप लावलं.

आणि हो, तुझं एकेक पत्र वाचून दाखवलं, ते भिंतीचंसुद्धा. ह्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी एक अक्षर गाळलं नाही. फक्त तुझ्या पत्रांत शेवटी माझ्यासाठी काही नसायचं, ते ह्यांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून दर पत्राच्या शेवटी ‘वहिनीला माझा नमस्कार’ एवढं मी माझ्या मनाचं वाचत असे.

भेटीत बोलूच.

तुझी,
वहिनी