मुंडक्याचा रस्सा

नोव्हाय, मिशिगन
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय आई,

जय भीम. आम्ही दोघं मजेत आहोत. सुजाताला सातवा लागला, भूक चांगली आहे.

सध्या सरोवरातून नदीत सॅमन मासे चढताहेत. ऑफिसातले सगळे गळ टाकायला जातात, म्हणून मीही जातो. त्यांना मासा फोटोपुरता हवा असतो, मुंडकी तर ते फेकूनच देतात. ती मी घरी आणतो. तू लिहिलंस तसा सुजाताला मुंडक्याचा रस्सा देतो, चरबीसकट.

मासेमारीच्या लायसन्ससोबतचं पत्रक मी काल पहिल्यांदा वाचलं. कारखान्यांचं सरोवरात आलेलं विष माशाच्या चरबीत साठतं, गरोदर बाईने हा मासा खाऊ नये, असं छापलंय. तिला अजून सांगितलं नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

बाळ हल्ली फारसं हलत नाही. झोपाळू आहे, असं सुजाता हसून म्हणते. आई, पोटात असताना मीही असाच गप्प असायचो ना?

तुझा,
भानुदास