जमुना राहते त्याच घरी

श्री

अमरावती, ४ नोव्हेंबर १९३८

गं. भा. मनकर्णावहिनी यांस खुशालरावचा सा. नमस्कार वि. वि. शेवंती भरात आहे. पुस्तकांतून डोकं काढून एकदा येऊन जा.

तुरुंगात मनाचे रोग जाणणारे एक डॉक्टर आहेत. दोन वर्षं त्यांनी सहदेवाला समोर बसवून बोलतं केलं. विकार गेला, पुन्हा तसं घडणार नाही, असं ते लिहून देतात. फिर्याद तुमची होती, म्हणून सुटकेला हरकत नसल्याची तुमची सही लागते. तुमची सुभद्रा आमचीही पुतणी होती. पण सहदेव माझा आणि दादांचा धाकटा भाऊ आहे. माया आटू देऊ नये.

---

अकोला, ९ नोव्हेंबर

खुशालभाऊजींना मनकर्णाचे आशीर्वाद. अशा इलाजावरचं पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं. त्यानं कोणी सुधारतो, कोणी नाही. कोण सुधारला ते सोडल्यावरच कळतं. तुमच्या डॉक्टरांनी त्याचं चांगलं वागणं पाहिलं ते पुरुषांच्या तुरुंगात. तिथं अकरा वर्षांची पोर होती काय? माझ्या घरात होती. काका म्हणून त्याला भाकर वाढायची. त्यानं तिची अब्रू घेतली आणि तिनं विहीर जवळ केली.

सही करते. अट एकच, तो तुमची लेक जमुना राहते त्याच घरी राहील. तुमच्या मायेचं मोजमाप तिथंच होईल.

---

अमरावती, २ डिसेंबर

वहिनी, सा. न. सही पोचली, सहदेव आला. तुम्हाले तोंड कसं दाखवू म्हणतो. मान खाली घालून असतो. जमुनेला उद्याच्या गाडीनं तुमच्याकडे धाडतो. अकोल्याची शाळा चांगली. पहाटे मळ्यात फुलं तोडायला गडी नत्थुजीच्या दोघी लहान पोरी येतात, सहदेव त्यांना टोपल्या नेऊन देतो. कामाला लागला म्हणून बरं वाटतं. लेकीवर लक्ष ठेवा.

---

अकोला, ५ डिसेंबर

भाऊजी, आशीर्वाद. जमुना उतरल्यापासून विचारून राहिली आहे, तिचं काय चुकलं. ती अट ऐकून तुम्हीच नाही म्हणाल, या भरवशावर मी सही केली. आपली पोर तेवढी तुम्ही उचललीत.

काल नत्थुजीला सहदेवाचं सगळं लिहिलं. पाकीट नाही, कार्ड टाकलं. त्याला वाचता येत नाही. तुमच्या पुऱ्यात पोस्टमन कार्ड चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवतो. सहदेव खरोखर बरा झाला असेल, तर मी त्याचं वाटोळं केलं. असू द्या. जमुना आता इथंच राहील. लोभ तिच्यावर ठेवा, माझ्यावर नको.

मनकर्णा