सुभद्राबाईंची अट

१७ जानेवारी १९५६, परळ

पुन्हा गोळीबार! मिशन दवाखान्याचं दार लावत होते, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. सुभद्राबाई, लालबागच्या चाळीतली. तिचा मुलगा गुणाजी गिरणीत कामाला. मोर्च्यात पोटरीला गोळी लागली. इस्पितळात नेलं तर पोलीस धरतील, म्हणून घरीच ठेवलाय. मी तिच्याबरोबर गेले. गोळी आरपार गेली आहे, पण रोज जखम धुतली नाही तर पाय जाईल.

दारातच सुभद्राबाईंनी अट घातली — "पाय बघ बाय, पण तुझ्या येशूचं नाव माझ्या घरात काढायचं नाय. पोराला बाटवशील." रागही आला, हसूही आलं. कबूल केलं.

एक गोष्ट मात्र मी बोलले नाही. आमचे हे पोलिसांत आहेत. कालपासून लालबागच्याच नाक्यावर बंदूक घेऊन उभे आहेत. कुणास ठाऊक, ती गोळी — नको, पुढचं लिहवत नाही. सुभद्राबाईंना कळलं तर मला उंबऱ्यात उभं करतील का? मग त्या पायाचं काय?

१८ जानेवारी

हे आले नाहीत. कर्फ्यू. जखमेत पू. गुणाजी ओठ चावून पडून असतो. "सिस्टर, मुंबई आपल्याला मिळेल ना?" म्हटलं, आधी पाय जमिनीला टेक!

चर्चच्या पाळकसाहेबांना अट सांगितली. म्हणाले, "प्रभूचं नाव गिळून कसली सेवा?" मीही फटकन बोलले — मला प्रभू त्या खाटेपाशीच भेटतो! घरी येऊन रडले.

१९ जानेवारी

ताप एकशे तीन. हे आजही नाहीत.

२१ जानेवारी

काय करून बसले मी! पट्टी सोडली तर जखम स्वच्छ, लाल. पाय वाचेल! आनंदाच्या भरात डोळे मिटले, हात जोडले आणि प्रार्थना तोंडातून बाहेर पडली — मोठ्यानं! लहानपणापासूनची सवय, आपल्या माणसांची नावं घेतल्याशिवाय आमेन म्हणवत नाही. एरवी मी ह्यांचं नाव घेत नाही, देवापुढे घेते. "प्रभू, नाक्यावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माझ्या मनमोहनला घरी आण. त्याच्या हातून कुणाचा जीव जाऊ देऊ नकोस."

डोळे उघडले तर गुणाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलेलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "ऊठ. उद्या येव नको."

अजून आठवडाभर तरी पट्टी बदलायला हवी. नाहीतर पुन्हा चिघळेल.

२२ जानेवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. औषध आणि पट्ट्या पिशवीत भरून दाराशी बसून राहिले. एक जीव नाक्यावर, एक खाटेवर. कुठंच जाता येत नाही!

२३ जानेवारी

सकाळी दारात सुभद्राबाई! दवाखान्यात पत्ता विचारून आल्या. मी पिशवी उचलली, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. "पट्टी मागाहून. तुझा माणूस आला काय गो?" मी मान हलवली — नाही. त्या शेजारी टेकल्या, डोक्यावरून पदर घेतला. म्हणाल्या, "मग घे त्याचं नाव. मी हय बसते."