सत्तावीस नंबरचं कार्ड

शिकागो, २४ नोव्हेंबर १९०२

प्रिय लायमन,

तुला माझं शिफारसपत्र हवं होतं. ते मी देणार नाही. एवढं कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण पत्रासोबत तू जी एकेचाळीस कार्डं पाठवलीस, ती मी दोन्ही बाजूंनी वाचली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. बसून वाच.

आपल्या सैन्याने स्पेनकडून घेतलेल्या त्या बेटांवरून तुझं पार्सल आलं तेव्हा घरात आपल्या वस्ती-सुधारणा मंडळाच्या प्रदर्शनाची धांदल होती. नकाशे, तक्ते, गल्लीतल्या मोऱ्यांचे फोटो, सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं. त्यातच तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'आत्या, इथे काम किती सोपं आहे म्हणून सांगू! शिकागोत एका गटारासाठी आपण सहा-सहा महिने नगरसेवकाचे उंबरे झिजवायचो. इथे सकाळी हुकूम काढला की संध्याकाळी गाव स्वच्छ.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बारा वर्षं झगडून ज्यांना एक गल्ली धड साफ करता आली नाही, त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की अख्खं गाव एका दिवसात स्वच्छ होतं तरी कसं?

घरतपासणीचं कार्ड माझंच, मीच आखलेलं आहे, हे तू अभिमानाने लिहिलं आहेस. हो, माझंच. पुढच्या बाजूला घराची हालत: खोल्या किती, माणसं किती, पाणी कुठलं, संडास कुठे. मागच्या बाजूला घरातल्या बाईचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. ते तिला वाचून दाखवायचं, तिची सही किंवा फुली घ्यायची, आणि मगच हुकूम लिहायचा. हा क्रम मी उगाच ठरवला नव्हता. पहिल्या वर्षी आपण शहाणपणा करून एक तळघर रिकामं करवलं आणि पाच माणसं जानेवारीच्या बर्फात उभी राहिली. मागची बाजू त्यानंतर आली.

तुझं पहिलं घर तुला आठवत असेल. नोवोत्ना बाईंची खोली, तिसरा मजला. तू दारातच नाकाला रुमाल लावलास आणि बाई कडाडल्या, "आधी टोपी काढ, मग नाक मुरड! वास माझा नाही, घरमालकाचा आहे. भाड्याबरोबर त्यालाही घेऊन जा म्हणावं!" तू लालबुंद होऊन बसलास आणि शब्दन् शब्द लिहून घेतलास. 'त्यालाही घेऊन जा' हेसुद्धा. वाचून दाखवल्यावर बाई इतक्या हसल्या, की तुला कोबीचं सूप प्यायल्याशिवाय उठू दिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तू म्हणालास, "आत्या, मागची बाजूच खरं कार्ड आहे." तुझ्या आईवडिलांमागे तुला वाढवलं, त्याचं चीज झालं असं मला त्या क्षणी वाटलं.

तू पाठवलेल्या एकेचाळीस कार्डांपैकी चाळिसांची मागची बाजू कोरी आहे. पुढे तुझं सुबक अक्षर: गाव सांता रुफिना, घर झावळ्यांचं, कॉलरा, जाळलं. कॉलरा, जाळलं. कॉलरा, जाळलं. आणि प्रत्येकावर 'हरकत: नाही'. लायमन, ज्याच्या घरापुढे बंदूकवाले शिपाई उभे आहेत, त्याची हरकत नसतेच.

सत्तावीस नंबरच्या कार्डाच्या मागे मात्र बारीक अक्षरात स्पॅनिश मजकूर होता. तुझ्या कारकुनाने, बेनिग्नोने, लिहिलेला. तुझ्याच पत्रात त्याची थट्टा आहे, 'छापील रकाना दिसला की हा पठ्ठ्या भरतोच, भलताच भाबडा आहे.' तुला स्पॅनिश येत नाही. दोन वर्षांत तू ती शिकला नाहीस, आणि त्या लोकांची स्वतःची बोली तर तू भाषा म्हणून जमेतच धरत नाहीस. मलाही येत नाही, म्हणून मी कार्ड मागच्या गल्लीतल्या कांपोसकडे नेलं. तो क्यूबाचा, सिगार वळतो. त्याने चार ओळी वाचल्या, हातातलं तंबाखूचं पान खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, कार्डावर सही केलेला हा साहेब तुमचा कोण?"

"भाचा."

"मग पुढचं राहू दे. घरी जा."

"मी तीस वर्षं शाळा आणि गटारं बघितली आहेत, कांपोस. चक्कर येऊन पडणाऱ्यातली मी नाही. वाच."

त्याने वाचलं. तुझ्यासाठी उतरवून देते, कारण तुझ्या सहीच्या कागदावर काय लिहिलं आहे ते तुला माहीत असावं.

'घरची बाई एउलालिया मागबानुआ म्हणते: आमच्या घरात कोणी आजारी नाही. आजारी शेजारी होता, तो वारला त्याला पंधरा दिवस झाले. आम्ही पाणी उकळून पितो. माझी आई आत आहे, तिचे पाय गेलेत. खाटेसकट उचलायला चार माणसं लागतात. आमचे पुरुष तुमच्या छावणीत कोंडलेत. साहेब म्हणतात, माणसं जेवणानंतर देतो. बाई म्हणते: मग आगही जेवणानंतर लावा.'

खाली एक फुली. तिच्याखाली, वेगळ्या शाईत: 'आई बाहेर आली नाही.'

आता त्याच कार्डाची पुढची बाजू. तुझं अक्षर: आग लावली, सकाळी सव्वा अकरा. हरकत: नाही.

मी तुला क्रूर म्हणत नाही. क्रूर माणसाने हे कार्ड लपवलं असतं. तू ते चांगल्या कामाचा नमुना म्हणून प्रदर्शनात टांगायला पाठवलंस! मला संताप येतो तो याचा. चार रकाने नीट भरले की न्याय झाला, असं तुला वाटतं. आणि हे तुला शिकवलं कोणी? नोवोत्ना बाईंपुढे तू शहाणा होतास, कारण त्या तुला जिन्यावरून ढकलून देऊ शकत होत्या. एउलालिया देऊ शकत नव्हती. आपली सगळी सुधारणा त्या एका जिन्यावर उभी होती, आणि ते मला छप्पन्नाव्या वर्षी कळतंय.

त्या बेटांवर जायला तुला मीच सांगितलं होतं. 'तिकडे शिपाई पुष्कळ गेलेत, एक तरी माणूस मोऱ्या बांधायला जाऊ दे,' असं मी लिहिलं, आणि ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढे दोन सभांत वापरलं. मोऱ्या बांधणारा शिपायांच्या मागून गेला तर तो त्यांच्यातलाच एक होतो, हे सभेत कोणी म्हणालं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

नव्या वर्षापासून अख्ख्या प्रांताचं आरोग्य तुझ्या हाती द्यायचं घाटतंय, आणि त्यासाठी तुला लव्हिनियाच्या यजमानांना माझी चिठ्ठी हवी होती. लव्हिनिया कॉलेजात माझ्या बाकावर बसायची आणि तिचे यजमान बेटांच्या चौकशी समितीवर आहेत, हे तुझ्या बरोबर लक्षात राहिलं. गेल्या गुरुवारी मी स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आले. लव्हिनियाने चहा दिला, कार्डाचं भाषांतर वाचलं आणि ती रडली. मग म्हणाली, "हेस्टर, रक्ताचं नातं आहे गं. टाक शेगडीत, कोण विचारतंय?" मी म्हटलं, "घर जाळून झालंय, लव्हिनिया. आता कागदही जाळू?" तिने उठून यजमानांना बोलावलं. तुला आता बोलावणं येईल. ते समितीच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि एक मागणं. तुझ्या कार्डांचे नंबर एकशे त्रेसष्टपर्यंत जातात. म्हणजे उरलेली तुझ्याकडे आहेत. त्यातलं एकही नष्ट करू नकोस. सगळी घेऊन ये, बेनिग्नोला त्रास होणार नाही अशी तजवीज करून ये, आणि काय केलंस ते उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांग. मी पहिल्या रांगेत बसेन. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
हेस्टर आत्या

माझ्या टिपणवहीतली नोंद. समितीकडे दिलं, गुरुवार, २० नोव्हेंबर: सांता रुफिनाची कार्डं, एकेचाळीस. सत्तावीस नंबरच्या मागच्या मजकुराचं भाषांतर, कांपोसच्या सहीनिशी. लायमनची पत्रं, चार. त्याला जायला सांगणाऱ्या माझ्या पत्राची नक्कल, नकलांच्या वहीतून फाडून. हे कोणी मागितलं नव्हतं.