जसोंडीच्या कोपऱ्यातली पऱ्हाटी

शनवारा, बुऱ्हाणपूर
२० जानेवारी १९५७, रविवार

चि. नंदकुमार यांस,

अनेक आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ कोकिळेबरोबर पाठवतो आहे. आधी हे पत्र पुरतं वाचा, मग तिळगूळ खा.

"मामा, तुम्हाला एक पैसाही लागणार नाही," असं मे महिन्यात तुम्ही आमच्या झोपाळ्यावर बसून म्हणाला होतात. तुमचा तो बिनपैशाचा प्रयोग मला असा पडला: ऐन पेरणीत दोन दिवस बैलगाडी अडकली, तीही लोकांच्या वावरातली मेलेली माती वाहायला. त्याच मातीवरून बांधाशेजारच्या कडूशी बोलणं तुटलं. तिसरी बाब ओघात येईल.

इकडे सर्व कुशल. थंडी बरी आहे. कोकिळेचा खोकला गेला. खरं लिहायचं तर खोकला तिला नव्हताच. दिवाळीला आलेली लेक जानेवारीपर्यंत माहेरी का, याला काहीतरी कारण लिहायला हवं होतं, म्हणून मी ते लिहिलं.

तुम्ही मला ओळखता. कापसाच्या जिनात सरकी उपसायला लागलो तेव्हा अंगात एकच सदरा होता. यंत्राचा आवाज ऐकून कुठला रूळ घासलाय ते मी मिस्त्रीच्या आधी सांगायचो. आजही सरकी मुठीत खुळखुळवून तिची ओल सांगतो. शनवाऱ्यात पान हललं तरी शालिग्रामशेठला ऐकू येतं, असं लोक म्हणतात, आणि मी त्यांना म्हणू देतो.

असा माणूस जसोंडीच्या वावरातल्या, जावयानं मागितलेल्या कोपऱ्यावर संशय घेणारच. शिकलेला माणूस चांगली जमीन मागतो. तुम्ही नेमका तो तुकडा मागितला, जिथे मर लागून दरवर्षी कपाशी उभ्याउभ्या वाळते. वर आणखी चार गावांची मुर्दाड माती पोत्यांनी आणून त्यात मिसळली. कडू बांधावरून ओरडला, "क्यूं शेठ, जावई वावर पेरतो की गाडतो?" मी हसलो, पण ऐकून ठेवलं. मला वाटलं, आधी कोपरा मारायचा, मग सगळंच वावर मेलं म्हणून कागद करायचा, आणि मातीमोल भावात सरकारी फार्मला घ्यायचं. फार्मचे साहेब कोण? तुम्ही.

मग तुम्ही मला वाळलेलं झाड चिरून दाखवलंत. खोडाच्या आत तपकिरी कडं. म्हणालात, "मामा, ही बुरशी. मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात. झाड तहानेनं मरतं, पाण्यात उभं असूनही. पण एखादं झाड ती शिरल्याबरोबर ओळखतं, आणि बुरशी आहे तेवढीच नळी आतून बुजवून टाकतं. बाकीच्या चालू. ते झाड मला हवंय. म्हणून सगळ्यात वाईट माती."

खरं सांगू? झाड मला आवडलं. उंबऱ्यावरच पाहुणा ओळखणारं झाड. पण ते झाड आवडलं म्हणून तुमच्यावरचा संशय गेला नाही.

आषाढ सरता सरता झाडं माना टाकायला लागली. जसोंडीत लोक बांधावर बसून हसायचे. एका संध्याकाळी मी जेवताना म्हणालो, "हे वावर गेलं, तर दिवाळीला येणारी पोर मी परत नागपूरला धाडणार नाही. बसू दे साहेबाला मातीची पोती मोजत." तुमच्या सासूबाई वाढत होत्या. मी भाकर संपवली.

हे वाक्य मी तुम्हाला आजवर लिहिलं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीपर्यंत तुमच्या कोपऱ्यात तेवीस झाडं उभी. तुम्ही नोव्हेंबरात येऊन गेलात, खुंटीनं एकेकाला नंबर लावलात, प्रत्येक झाडाचा कापूस वेगळ्या पिशवीत वेचायला सांगितलंत. राज्यं वेगळी झाली, आम्ही भोपाळचे, नागपूर मुंबईचं, म्हणून तुमच्या कचेरीनं इथला तुकडा याच वेचणीला बंद करायला लावला. तुम्ही लिहिलंत, "हरकत नाही मामा, तेवीस झाडांचं बी पुरेल. वरच्या साहेबांना कळवलंय. वाढवून दोन वर्षांत तापीकाठच्या लोकांना वाटू."

तेवीस! मी व्यापारी आहे. माल अपेक्षेपेक्षा जास्त निघाला की मी वजनकाटा तपासतो. तपास होईपर्यंत कोकिळेला ठेवून घेतलं.

आधी संशय तुमच्यावरच आला, की वरच्या साहेबाला खूश करायला तुम्हीच कुणाकडून नांग्या भरून घेतल्या, मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं बसवली. म्हणून गेल्या शुक्रवारी वेचणी संपल्यावर मी स्वतः जसोंडीला गेलो आणि कपाशीच्या रिकाम्या पऱ्हाट्या उपटल्या. पहिलीच्या मुळाशी वेगळ्या मातीचा गोळा. आपली माती काळी. ही भुरकी, अभ्रकासारखी चमकणारी. तापीचा गाळ. गोळ्याभोवती कुजलेलं पळसाचं पान. दुसरीला तेच. तिसरीलाही.

गाळ नदीचा, आणि नदीकाठी वावर कडूचं. मी बोलणं तुटलं होतं तरी बांधावर जाऊन त्याला झापलं. कडू बिडी विझवून म्हणाला, "शेठ, तुमच्या जावयासाठी मी पळसाच्या पानांचे द्रोण शिवत बसू? काड्या टोचून? हे बाईमाणसाचं काम आहे. घरी जाऊन बघा."

मी मुळाशी चिकटलेला एक तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून आणला. दोन काड्या, एकमेकींवर आडव्या. असा टाका शनवाऱ्यात एकच बाई घालते.

मी तो तुकडा चुलीसमोर ठेवला. सासूबाईंनी तव्यावरून नजर काढली नाही.

"मथुरा, हे काय?"

"द्रोण."

"वावरात?"

"रोप द्रोणासकट लावलं की मुळांना कळत नाही. माझी आई भोपळे लावायची तसं."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच. वावर गेलं तर पोर धाडणार नाही म्हणालात. मग मी वावर जाऊ द्यायचं?"

शनिवारी मारुतीला तेल घालायला म्हणून त्या टांग्यानं जायच्या, ते जसोंडीच्या मारुतीला. पदराखाली टोपली, तीत तापीच्या गाळात रुजवलेली रोपं. एखादं रोप मेलं की पुढच्या शनिवारी दुसरं. कोकिळेलाही ठाऊक नव्हतं. तुमचा प्रयोग मोडतोय हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या लेखी झाड मरणं हीच मोडतोड.

तिसरी बाब ही. माझ्या घरात माझी बायको मला घाबरून द्रोण शिवत होती.

आता कामाचं. मी दुसऱ्या दिवशी तेवीसही खोडं तुमच्यासारखी चिरली. गोळा असलेल्या अठरांत कुठे पुसट, कुठे गडद, पण तपकिरी कडं आहे. ती स्वच्छ मातीच्या जोरावर तगली होती. पाचांच्या मुळाशी गोळा नाही. मुळं सरळ मेल्या मातीत उतरलेली, खोड आतून पांढरं. त्या पाच पिशव्यांना मी लाल दोरा बांधला आहे. नंबर खुंटीचेच. उरलेल्या अठरा पिशव्या वेगळ्या पोत्यात आहेत. ते बी कुणालाही देऊ नका. लोक तुमच्या शब्दावर पेरतील आणि वावरं उभ्याउभ्या वाळतील.

तेवीसचे पाच झाले हे साहेबांना सांगताना तुमची जीभ जड होईल, हे मी जाणतो. माझं हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. सासऱ्याच्या संशयानं घोळ झाला असं त्यात लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. पाचांबद्दल मात्र मान खाली घालू नका. त्यांना कुणी मदत केली नव्हती.

कोकिळा येत्या शुक्रवारच्या गाडीनं निघते, बरोबर पिशव्या. तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर या. सासूबाई तिच्यासोबत महिनाभर नागपूरला राहायचं म्हणतात. मी होकार दिला. तसा तो मागितला नव्हता.

आपला संशयखोर,
शालिग्राम

ता. क. : "द्रोण शिवायचीस कुठे?" असं मी काल सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या झोपाळ्याशेजारी. तुम्ही पेपर वाचत असायचात. एकदा विचारलंतही, कशाचे म्हणून. मी म्हटलं, सत्यनारायणाचे." या वर्षी आमच्याकडे सत्यनारायण झालाच नाही.