बाप्पासाठी ठेवलेला कोपरा

प्रिय आई,

रेल्वे क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून आपण तेरड्याची बोंडं फोडायचो, आठवतं? बोट लागलं की बी उडायचं. तू पदर पसरून म्हणायचीस, "हळू गं पोट्टे, शेजाऱ्यायले वाटून राहिली का?"

आज लिहायला बसले, कारण सकाळी मी तुझी हरळी उपटली. सगळी.

नवा रायपूरच्या या घरामागे तुला रानफुलंच हवी होती. तेरडा, कुर्डू, गोकर्ण. मग त्याच वाफ्याच्या कोपऱ्यात हरळी कशाला लावलीस गं? तर इथे दूर्वा मिळत नाहीत, गणपतीला काय वाहायचं! चिमूटभर लावलीस आणि निघून गेलीस.

तुझ्यामागे दोन पावसाळे मी बी पेरलं. दोन्ही वेळा रोपं बोटभर होईपर्यंत हरळीने वाफा झाकून टाकला. मुळाचा एवढासा तुकडा मातीत राहिला तरी ती पुन्हा फुटते. माझे गुडघे गेले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला लॉनमधली रानफुलं उपटायला लावायच्या. आता या वयात मी रानफुलांसाठी गवत उपटते. राग येतो आई, आणि तो तुझाच येतो.

पण तो कोपरा दर वेळी मीच सोडत होते. खुरपं तिथे गेलं की तुझा आवाज यायचा, "समदी काहून उपटून राहिली? बाप्पाले काय वाहशीन?"

कोपरा पुन्हा सोडला म्हणून कामाला येणारी बिसाहिन वैतागली. "फेर छोड़ देव दीदी, ये कोन्टा ला? उहें ले त आथे." बरोबर होतं तिचं. सगळी हरळी त्या कोपऱ्यातूनच येत होती.

क्वार्टरमधल्या तेरड्याचं बी आता डब्यात मूठभरच उरलंय. यंदा तेही गेलं, तर तुझा तेरडा संपला. म्हणून आज कोपराही खणला. दूर्वांचा एक झुबका फुटक्या बादलीत लावला. इतकी साधी गोष्ट तुला कशी सुचली नाही? मला तरी कुठे सुचली.

पेरणीपर्यंत दर सोमवारी माती चाळीन. एक मूळ ठेवणार नाही, बाप्पासाठीसुद्धा नाही. शब्द देते.

फुलं आली, तर पहिलं ओंजळभर बी बिसाहिनला. कुर्डूचं बी भिलाईला, आपल्या धाकटीला. दूर्वांची बादलीही तिलाच, गणपती आता तिच्याकडे बसतो. खुरपं माझ्याकडे राहील.

आणि बोंडं फोडताना जे उडेल, ते शेजाऱ्यांचं.

तुझी पोट्टी,
सुनंदा