डाव्या पायाचा बूट

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चार दुकानं! कंपनीला सुट्टी म्हणून सकाळीच कारेगावहून निघालो, शिरूरचा अख्खा बाजार पालथा घातला आणि हाती काय लागलं? सॉक्सची एक जोडी.

लग्न अठ्ठावीस डिसेंबरला. शेरवानीवर मोजडीच पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं. मोजडीत डाव्या पायाचा इनसोल घातला की टाच वर उचलली जाते आणि चालताना मोजडी मागून निसटते. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठी घ्या. मोठी घेतली तर उजवा पाय आत पोहायला लागतो. मग डावी नऊची आणि उजवी आठची द्या म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, उरलेली जोडी मी कुणाच्या पायात घालू? त्याचंही खरंच आहे.

तीन वर्षं झाली अपघाताला. मांडीचं हाड जुळलं, पण डावा पाय दीड सेंटीमीटर आखूड राहिला. पुण्यात माप देऊन इनसोल करून घेतला — टाचेखाली जाड, बोटांकडे पातळ. तो बुटात असला की कुणाला काही कळत नाही. काढला की लंगडतो. लिहिलं की किती लहान गोष्ट वाटते! पण तेजश्रीला ती माहीत नाही.

७ नोव्हेंबर

माहीत कशी असणार? मुलगी बघायचा कार्यक्रम त्यांच्या घरी दौंडला झालाच नाही. झाला कासुर्डीला, हायवेवरच्या हॉटेलात. घरी गेलो असतो तर दाराबाहेर बूट काढावे लागले असते. हॉटेलात कोण काढतं?

आईनं ठरवलं. दोघांनाही मध्ये पडतं म्हणे. नकाशात बघितलं — कुणालाच मध्ये पडत नाही. पण आईला घाई. पोरगं एकतिशीत आलं, दोन स्थळं पायावरून मोडली, तिसरं मोडायला नको. मी खुर्चीवर बसून राहिलो, चहा प्यालो, गणित शिकवणारी मुलगी बघितली आणि ती आवडली. फार आवडली. हाच तर घोळ झाला.

९ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आज म्हणाली, ती रोज पहाटे भीमेच्या काठानं चालायला जाते, शाळेत जायच्या आधी. मग विचारलं, तुम्हाला आवडतं का चालायला?

हो, खूप.

खूप कशाला म्हणालो? नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर भागलं नसतं का!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऑनलाइन मागवलेल्या सँडल आल्या. मागून पट्टा, वर दोन वेलक्रो, आणि मुख्य म्हणजे आतला सोल निघतो. तो काढून माझा इनसोल बसवला. अगदी फिट बसला. स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा तीस तरी फेऱ्या मारल्या. खरं सांगायचं तर तीन वर्षांत पहिल्यांदा पाय मोकळा वाटला, बोटांना वारा लागला. कंबरही गप्प होती.

पण बाजूनं इनसोलची कड दिसते. खाकी, जाडजूड. डावीकडे आहे, उजवीकडे नाही — शेंबड्या पोरालाही कळेल.

परत पाठवायला पिशवीत भरत होतो तर आई म्हणाली, “पायाला बरं वाटतंय ना? मग ऱ्हाऊ दे की.” मी ओरडलो तिच्यावर. या आजोबांसारख्या सँडल घालून लग्नात फिरू का म्हटलं. सँडल गेल्या.

१५ नोव्हेंबर

तेजश्रीच्या धाकट्या बहिणीचा, सायलीचा मेसेज — “दाजी, लग्नात बूट सांभाळा. आम्ही लपवणारच!” पुढे हसणारी सहा तोंडं. मी मोबाइल पालथा ठेवला.

१६ नोव्हेंबर

शांत डोक्यानं विचार केला. शांत कसला! सकाळपासून खोलीत फेऱ्या चालू आहेत.

लग्नात बुद्धवंदनेला स्टेजवर बूट काढूनच उभं राहायचं असतं. उभं राहिलेलं कुणाला कळत नाही. कळतं ते चालताना. स्टेजच्या अगदी कडेला बूट काढले तर मूर्तीपर्यंत चार-पाच पावलं. तेवढी मी दात आवळून सरळ टाकू शकतो. आरशासमोर सराव केला. पाचव्या पावलाला खांदा पडतो, चारपर्यंत ठीक. पण उतरल्यावर बूट जागेवर नसले तर? अख्खा हॉल बघत असणार, कॅमेरा चालू, आणि नवरदेव लंगडत बुटांच्या मागं!

आणि पंचशील घ्यायचं आहे सगळ्यांसमोर. चौथं शील — खोटं बोलणार नाही. लहानपणापासून विहारात घडाघडा म्हणत आलोय. आज मनातल्या मनात म्हणून बघितलं तर तिथंच अडखळलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शिरूरला एसटी स्टँडबाहेर एक मामा बसतात, बूट दुरुस्त करणारे. म्हातारे आहेत पण हात पक्का. त्यांना सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगताना काहीच वाटलं नाही, गंमतच आहे. त्यांनी डावा बूट उलटासुलटा केला, आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, आत एवढं कोंबून टाच वर येणारच. थोडं आत ठेवा, थोडं बुटाच्या खालच्या सोलला थर लावून देतो. कुठलाही बूट आणा.

म्हटलं, थर बाहेरून दिसेल.

“दिसंल तर दिसंल. पाय तुमचा हाय, का बघणाऱ्याचा?”

पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सटकलो. त्यांना कळलं असणार मी येणार नाही ते.

२३ नोव्हेंबर

तेजश्री म्हणाली, एखाद्या गुरुवारी पहाटे या ना दौंडला, काठानं चक्कर मारू, मी शाळेत उशिरा जाईन. सर्दी झालीय म्हटलं. फोनवर दोनदा खोकलोसुद्धा. किती हलकट माणूस आहे मी!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दौंडला बस्ता होता. दोन्हीकडची माणसं, साड्यांचे ढीग, चहावर चहा. आई आणि तेजश्री शेजारी-शेजारी बसून साड्या बघत होत्या, मध्येच हसत होत्या. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात तेजश्रीचे वडील बबनराव उठले. “चला पाव्हणं, बूट घिऊ. जावयाचे बूट मुलीकडच्यांनीच घ्यायचे असत्यात.”

घेतलेत म्हटलं. साफ खोटं. शेरवानीचा रंग अजून पक्का नाही म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. रेल्वेत गँगमन होते, पस्तीस वर्षं रुळांवरून चाललेला माणूस. शेजारच्या दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. मी ‘राहू द्या, मी काढतो’ म्हणेपर्यंत दुकानातल्या माणसानं टाच धरून डावा बूट ओढला. बूट त्याच्या हातात, आणि इनसोल घसरून पडला थेट बबनरावांच्या पायाशी.

मी बघत राहिलो. 

त्यांनी वाकून तो उचलला. रुमालानं पुसला. माझ्या बुटात नीट बसवून ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, “आतला सोल निघतोय आसला बूट दाखवा. आन् टाचंला जरा खोल पायजे.”

मला एक शब्द नाही!

काळा, साधा, लेसचा बूट निघाला. आतला सोल काढून इनसोल घातला — बसला. टाच घट्ट, बोटांना जागा. आरशापर्यंत गेलो, परत आलो. महिनाभर शोधत होतो तो बूट हाच. आणि मला दुकानातून पळून जावंसं वाटत होतं.

२८ नोव्हेंबर

त्यांनी सांगितलं असेल का तिला? संध्याकाळी तिचा फोन आला, साड्यांबद्दल बोलली. नेहमीसारखीच. फार नेहमीसारखी.

३० नोव्हेंबर

कामात लक्ष नाही. काल तपासणीत दोन पार्ट चुकून पास केले, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं.

घरी आल्यावर आईशी भांडलो. म्हटलं, हे सगळं तुझ्यामुळं. तुझ्या त्या हॉटेलामुळं. सरळ त्यांच्या घरी गेलो असतो तर तेव्हाच काय ते झालं असतं. आई भाकरी थापत होती. हात थांबले तिचे. माझ्याकडे बघून म्हणाली, “व्हय बाबा. माझ्यामुळंच.” आणि परत थापायला लागली.

मी जेवलो नाही.

२ डिसेंबर

बबनरावांचा फोन! कंपनीच्या गेटवर उभा राहून घेतला. इकडचं तिकडचं विचारलं — बूट चावत नाही ना, रोज थोडा थोडा घाला, म्हणजे मऊ पडंल. मग म्हणाले, “मी पोरीजवळ काय बोलनार न्हाई. बोलायचं ते तुमी बोला. पन लग्नाच्या आधी बोला.”

बरं म्हटलं. मघापासून तोच एक शब्द डोक्यात फिरतोय — आधी.

गुरुवार, ४ डिसेंबर

सांगितलं.

पहाटेच निघालो, न्हावऱ्यावरून दौंडला. काठावर थंडी होती. ती आधीच येऊन थांबली होती, स्वेटर, पायात पांढरे चालायचे बूट. शंभर पावलं तिच्याबरोबर चाललो आणि मग थांबून सगळं एका दमात बोललो. ट्रेलरची धडक, ऑपरेशन, दीड सेंटीमीटर, इनसोल. ती ऐकत होती. मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, बूट काढून चालून दाखवाल?

काढले. मातीत अनवाणी समोरच्या लिंबापर्यंत गेलो आणि परत आलो. खांदा पडत होता, पडू दिला. ती बघत होती ते माझ्या पायाकडे नाही, तोंडाकडे. मी जवळ आल्यावर म्हणाली, “एवढंच?”

मला रडू आलं. बूट घालायच्या निमित्तानं खाली वाकलो म्हणून वाचलो.

मग तिनं विचारलं, “कासुर्डीचं हॉटेल कुणी ठरवलं होतं?”

आईनं, म्हटलं.

“बरं.” नंतर ती पाण्याकडे बघत राहिली. परत येताना पुढे पुढे चालत होती. शाळेला उशीर होतोय म्हणाली. पाठीवरून डोंगर उतरला म्हणून मी शिट्टी वाजवत गाडी काढली खरी, पण पुलापर्यंत येईतो शिट्टी थांबली होती.

५ डिसेंबर

संध्याकाळी फोन नाही. मी केला. उचलला नाही.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो. आई पुढे बायकांत बसली होती. पंचशील घेताना चौथ्या शीलाला नुसते ओठ हलवले, आवाज काढला नाही. तेजश्रीचा आजही फोन नाही.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी तेजश्रीनं फोन उचलला. तिनं काही विचारायच्या आत सांगून टाकलं — हॉटेल आईनं नाही, मी शोधलं होतं. आई शेवटपर्यंत म्हणत होती, त्यांच्या घरी जाऊ, दारात बूट काढ, बघू दे पोरीला काय ते. मीच अडून बसलो. गुरुवारी तुला खोटं सांगितलं. या वहीतही आईच्याच नावावर लिहिलं आणि त्यावरून तिच्याशी भांडलोसुद्धा.

ती म्हणाली, “माहीत आहे मला. त्या दिवशी कासुर्डीतच तुमच्या आईंनी मला बाजूला घेऊन पायाचं सगळं सांगितलं होतं. मी पप्पांना सांगितलं. आई म्हणाल्या, त्यो स्वतःहून सांगंल, थोडी कळ काढ. पायाचं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. गुरुवारी तुम्ही त्यांचं नाव घेतलंत, तेव्हा वाटलं लग्न मोडावं.”

आणि आता, म्हणून विचारलं.

“आधी त्यांच्याशी बोला. मग मला फोन करा.”

आई मागच्या दारी कपडे वाळत घालतेय. एवढं लिहून उठतो.